उबुंटूत पॅकेज इन्स्टॉल होत नाहीये? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. दादाचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आलेला, बॅटरी पूर्ण मेलेली, चार्जर काढला की बंद. त्यावर उबुंटू टाकलं आणि एका रात्री अपग्रेड चालू असताना लाइट गेली. लाइट आल्यावर बघते तर काहीच इन्स्टॉल होईना, कुठलीही कमांड दिली की त्याच दोन ओळी. घाबरून गावातल्या एका कॉम्प्युटरवाल्याकडे नेला, त्याने सरळ फॉरमॅट मारला आणि माझं सबमिशन आणि आजीचे फोटो दोन्ही गेले. नंतर कधीतरी त्या एररचा मोबाइलवर काढलेला फोटो सापडला. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की अमुक कमांड चालवा म्हणजे दुरुस्त होईल. उत्तर स्क्रीनवरच होतं, मला ते वाचायला कोणी शिकवलं नव्हतं.

म्हणून हे लिहितेय. मुख्यतः उबुंटू, डेबियन, मिंट वापरणाऱ्या नव्या लोकांसाठी आहे, विंडोजच्या आत डब्ल्यूएसएल वापरत असाल तरी बहुतेक सगळं लागू पडतं, मॅकवाल्यांसाठी मधे मधे एखादी ओळ टाकलीये.

एक आधीच सांगते. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या. जिथे कॅपिटल लागतं तिथे तसं सांगितलंय.

सुरू करायच्या आधी जवळ काय काय हवं

- सुडोचा (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवायचा) पासवर्ड. टाइप करताना बऱ्याच सिस्टीमवर स्क्रीनवर काहीही दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत (मिंटवर मात्र चांदण्या दिसतात), कीबोर्ड चालतोय, बिनधास्त टाइप करून एंटर मारा.
- तुमच्या सिस्टीमची व्हर्जन. "कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज" दिलं की कळते.
- मशीनचा प्रोसेसर कुठल्या प्रकारचा. "युनेम -एम" द्या. एक्स८६_६४ आलं तर नेहमीचा इंटेल किंवा एएमडी, एआर्च६४ आलं तर एआरएम, म्हणजे रास्पबेरी पाय वगैरे.
- चालू इंटरनेट आणि डिस्कवर थोडी जागा.
- एक वही किंवा टेक्स्ट फाइल, काय केलं ते क्रमाने लिहायला. हे टाळू नका, तिसऱ्या तासाला आपण नक्की काय काय बदललंय ते कोणालाच आठवत नाही.
- महत्त्वाच्या फाइलींची कॉपी पेनड्राइव्हवर. आधी हे, मग बाकी सगळं.

१. एरर खालून नाही, वरून वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. इन्स्टॉल फेल झालं की आपली नजर शेवटच्या ओळीवर जाते, ती ओळ कॉपी करून आपण सर्च करतो. ॲप्टची, म्हणजे पॅकेज आणून बसवणाऱ्या कमांडची, शेवटची ओळ बहुतेक वेळा अशी असते: "सब-प्रोसेस /यूएसआर/बिन/डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड (१)". या ओळीत काहीही माहिती नाहीये. डीपीकेजी, म्हणजे खरं इन्स्टॉल करणारा प्रोग्राम, फेल झाला एवढंच ती सांगते, का झाला ते नाही. ही ओळ सर्च केली की शंभर वेगवेगळे उपाय मिळतात आणि ते शंभर वेगवेगळ्या रोगांवरचे असतात.

खरं कारण वर असतं. स्क्रोल करत वर जा आणि पहिली वाईट बातमी कुठे सुरू झाली ते शोधा. एक उदाहरण दाखवते. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर शेवटी वरचीच ओळ होती, तिच्या वर "एरर्स वेअर एनकाउंटर्ड व्हाइल प्रोसेसिंग" आणि खाली कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) पॅकेजचं नाव, त्याच्या वर "पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट रिटर्न्ड एरर", आणि अजून बारा-पंधरा ओळी वर एक बारीकशी ओळ, "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस". बाकी सगळा गोंधळ त्या एका ओळीमुळे. जागा केली, पाच मिनिटांत काम झालं.

स्क्रीन पुसली गेली असेल तरी हरकत नाही. /व्हार/लॉग/ॲप्ट या फोल्डरमध्ये दोन फाइली असतात, हिस्टरी.लॉग मध्ये कधी काय इन्स्टॉल केलं आणि काय काढलं त्याची नोंद, आणि टर्म.लॉग मध्ये त्या वेळी स्क्रीनवर जे आलं ते जसंच्या तसं. "सुडो लेस" आणि पुढे फाइलचं पूर्ण नाव दिलं की वाचता येते, बाहेर पडायला क्यू दाबा.

ओळीच्या सुरुवातीचं अक्षरही बघत जा. ई म्हणजे एरर, काम थांबलं. डब्ल्यू म्हणजे वॉर्निंग, लक्ष द्या पण काम बहुधा झालंय. एन म्हणजे नुसती सूचना. घरच्या फोल्डरमधली .डेब फाइल इन्स्टॉल केली की शेवटी एन ने सुरू होणारी "अनसँडबॉक्स्ड ॲज रूट" अशी लांबलचक ओळ येते, नवीन माणूस तिच्यावर तासभर घालवतो, पण पॅकेज व्यवस्थित बसलेलं असतं.

तसंच "केप्ट बॅक" हे पण एरर नाही. उबुंटू काही अपडेट सगळ्यांना एकदम न देता टप्प्याटप्प्याने देतं, त्यामुळे तुमचा नंबर यायचा असेल तर पॅकेज काही दिवस तसंच राहतं. जबरदस्ती करू नका.

आणि कमांड खरंच फेल झाली की नाही अशी शंका असेल तर तिच्या लगेच पुढे "एको $?" द्या. ० आला तर सगळं ठीक. १२७ म्हणजे कमांड सापडलीच नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही, १३० म्हणजे तुम्हीच कंट्रोल-सी ने थांबवली, १३७ म्हणजे कोणीतरी तिला मारून टाकलं, बरेचदा रॅम संपली म्हणून कर्नलनेच. कमी रॅमच्या मशीनवर मोठं काही कंपाइल करताना १३७ हमखास दिसतो.

२. टाइप बरोबर झालंय का

हे वाचून वाटेल की एवढं काय, पण माझ्याकडे मदत मागायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा प्रॉब्लेम इथेच संपतो.

पहिला सापळा आपल्या मराठी लोकांचा खास. कीबोर्डचा लेआउट मराठीवर राहिलेला असतो आणि टर्मिनलमध्ये देवनागरी अक्षरं जातात. अक्षरं दिसतात तरी, पण आकड्यांचं लक्षात येत नाही. देवनागरी ७५५ आणि इंग्रजी ७५५ आपल्याला एकच, कॉम्प्युटरला नाही, तो "इनव्हॅलिड मोड" म्हणतो आणि आपण मोडचा अर्थ शोधत बसतो. सुपर म्हणजे विंडोजवाली की आणि स्पेस एकत्र दाबून लेआउट बदला.

दुसरा सापळा कॉपी-पेस्टचा. वर्डमधून किंवा आयफोनवरून आलेल्या मेसेजमधून कमांड उचलली की सरळ अवतरणचिन्हांची वाकडी होतात, दोन डॅशचा एक लांब डॅश होतो, दिसायला सुंदर पण शेलला, म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामला, कळत नाही. अजून वाईट म्हणजे न दिसणारी स्पेस, ती साध्या स्पेससारखीच दिसते पण वेगळी असते आणि मग समोर कमांड धडधडीत बरोबर दिसत असताना "कमांड नॉट फाउंड" येतं. अशा वेळी वाद घालू नका, ओळ पुसा आणि हाताने टाइप करा. फाइलमध्ये असा संशय असेल तर "कॅट -ए" (ए कॅपिटल) आणि फाइलचं नाव द्या, लपलेली अक्षरं चिन्हांच्या रूपात दिसायला लागतात.

तिसरं म्हणजे लेखातल्या ओळीच्या सुरुवातीला असलेलं $ किंवा # चिन्ह. ते प्रॉम्प्ट आहे, टाइप करायचं नाही. # दिसलं की ती कमांड रूटने (ॲडमिनने) चालवायचीये एवढा अर्थ घ्या.

चौथं, नावातल्या स्पेस. "माझे फोटो" नावाचं फोल्डर असेल आणि "सीडी माझे फोटो" दिलं तर शेल म्हणतं "टू मेनी आर्ग्युमेंट्स", कारण त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं आहेत. सीडीमध्ये नुकसान नाही, पण तेच "आरएम -आर" बरोबर केलं तर "माझे" नावाचं वेगळं फोल्डर असल्यास ते उडेल. नाव अवतरणचिन्हात टाका, किंवा पहिली दोन अक्षरं टाइप करून टॅब दाबा, शेल स्वतः बरोबर पूर्ण करतं. टॅबची सवय लावून घ्या, टॅब दाबून नाव पूर्ण होत नसेल तर ती फाइल तिथे नाहीये हे एंटर मारायच्या आधीच कळतं.

३. "कमांड नॉट फाउंड" आणि पाथचं प्रकरण

पॅकेज इन्स्टॉल झालं, एरर नाही, तरी कमांड सापडत नाही. असं का होतं ते एकदा नीट समजून घ्या, पुढे आयुष्यभर उपयोगी पडतं.

तुम्ही नाव टाइप केलं की शेल अख्खी डिस्क शोधत नाही. पाथ नावाच्या एका व्हेरिएबलमध्ये फोल्डरांची यादी असते, मधे मधे कोलन, आणि शेल त्याच क्रमाने तेवढीच फोल्डरं बघतं. "एको $पाथ" (पाथची चारही अक्षरं कॅपिटल) दिलं की यादी दिसते. तुमचा प्रोग्राम या यादीबाहेरच्या फोल्डरात असेल तर तो असूनही नसल्यासारखा. पायथनच्या पिपने (पायथनची पॅकेजं टाकणारी कमांड) तुमच्या युजरसाठी टाकलेले प्रोग्राम होम फोल्डरमधल्या .लोकल/बिन मध्ये जातात, ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर होमब्रू (पॅकेज टाकायचं साधन) /ऑप्ट/होमब्रू/बिन मध्ये जातं, आणि दोन्हीकडे हीच तक्रार येते.

उपाय: होम फोल्डरमधली .बॅशआरसी फाइल उघडा (मॅकवर .झेडएसएचआरसी, कारण २०१९ च्या कॅटलिनापासून मॅकचं डिफॉल्ट शेल झेडशेल आहे) आणि शेवटी एक ओळ टाका, "एक्सपोर्ट पाथ=", मग अवतरणचिन्हात "$होम/.लोकल/बिन:$पाथ". पाथ आणि होम कॅपिटल, आणि बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस अजिबात नाही. नंतर नवीन टर्मिनल उघडा किंवा "सोर्स ~/.बॅशआरसी" द्या, नाहीतर चालू टर्मिनलला बदल कळणारच नाही.

इथला मोठा धोका म्हणजे शेवटचं $पाथ लिहायला विसरणं. मग जुनी यादी पूर्ण जाते आणि एलएस, कॅट, सुडो सगळंच "नॉट फाउंड" होतं, वाटतं की सिस्टीम उडाली. उडाली नाहीये, सगळं जागेवर आहे. त्याच टर्मिनलमध्ये "एक्सपोर्ट पाथ=/यूएसआर/बिन:/बिन" द्या, कमांड परत येतील, मग फाइल उघडून चूक दुरुस्त करा. आणि .बॅशआरसीला हात लावायच्या आधी तिची एक कॉपी काढून ठेवा.

अजून दोन बारीक गोष्टी. प्रोग्राम एका फोल्डरातून दुसऱ्यात गेला तरी बॅश जुनी जागा लक्षात ठेवतं, "हॅश -आर" दिलं की विसरतं. आणि कमांड साधी चालते पण सुडो लावल्यावर सापडत नाही असं झालं तर घाबरू नका, सुडो सुरक्षेसाठी स्वतःची वेगळी यादी वापरतं, पूर्ण पाथ देऊन चालवा. कुठली कमांड नक्की कुठून येतेय ते "टाइप -ए" आणि कमांडचं नाव दिलं की कळतं, एकाच नावाचे दोन पायथन असले की हे फार कामाला येतं.

४. ॲप्ट अपडेटच फेल होतंय

"युनेबल टू लोकेट पॅकेज" आलं तर सगळ्यात आधी "सुडो ॲप्ट अपडेट". ही कमांड काही अपग्रेड करत नाही, फक्त दुकानातल्या मालाची ताजी यादी आणते. यादी जुनी असेल तर पॅकेज सापडत नाही किंवा ४०४ येतो. त्यानंतरही सापडलं नाही तर "ॲप्ट सर्च" करून नावाचं स्पेलिंग बघा, आणि उबुंटूत "युनिव्हर्स" हा विभाग चालू आहे का ते बघा, "सुडो ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी युनिव्हर्स" ने चालू होतो.

अपडेटच फेल होत असेल तर कारणं साधारण ही असतात:

"टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग": इंटरनेट किंवा डीएनएस. ब्राउझरमध्ये एखादी साइट उघडून बघा, पॅकेजचा यात काही दोष नाही.

"क्लिअरसाइन्ड फाइल इझन्ट व्हॅलिड" आणि पुढे "नोस्प्लिट": हॉस्टेल, लायब्ररी, हॉटेलच्या वायफायवर हे येतं. तुम्ही लॉगिन पेजवर नाव-पासवर्ड टाकलेला नसतो, आणि ॲप्टने यादी मागितली की वायफाय त्याला लॉगिनचं पान पाठवतं. ॲप्ट बिचारा त्या पानावर सही शोधत बसतो. ब्राउझर उघडा, लॉगिन करा, परत अपडेट.

"रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट": तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे आहे. जुन्या मशीनमधला बटनासारखा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. "टाइमडेटसीटीएल" द्या आणि तारीख बघा, चुकली असेल तर दुरुस्त करा, आणि सेलही बदला, नाहीतर उद्या परत तेच.

"नो पबकी": बाहेरच्या रिपॉझिटरीची (पॅकेजांच्या दुकानाची) चावी तुमच्याकडे नाही. जुन्या लेखांत ॲप्ट-की वापरायला सांगतात, ती पद्धत आता मोडीत निघालीये. आता चावीची फाइल /ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज मध्ये ठेवतात आणि त्या रिपॉझिटरीच्या ओळीत "साइन्ड-बाय" लिहून तिच्याकडे बोट दाखवतात. त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या साइटवरच्या ताज्या सूचना बघून करा.

सगळीकडेच ४०४: तुमची व्हर्जन जुनी झाली. उबुंटूच्या एलटीएस, म्हणजे जास्त काळ सपोर्टच्या, व्हर्जनला ५ वर्षं नेहमीचा सपोर्ट असतो, मधल्या व्हर्जनना फक्त ९ महिने. उदाहरणार्थ २३.१० ऑक्टोबर २०२३ ला आली आणि जुलै २०२४ ला तिचा सपोर्ट संपला. नंतर तिचा माल "ओल्ड-रिलीजेस" सर्व्हरवर हलवतात. नवीन असाल तर एलटीएसच घ्या, हा माझा आग्रह आहे, मधल्या व्हर्जनने नवशिक्याला काहीही जास्तीचं मिळत नाही.

५. "कुड नॉट गेट लॉक"

याचा अर्थ दुसरा कोणीतरी याच क्षणी पॅकेजांवर काम करतोय. ताजं ताजं बूट केलं असेल तर बहुधा उबुंटूचं आपोआप सिक्युरिटी अपडेट चालू असतं. मेसेजमध्येच प्रोसेसचा नंबर आणि नाव असतं, "अनअटेंडेड-अपग्र" असं अर्धवट नाव दिसलं तर तेच. पाच-दहा मिनिटं थांबा, चहा करून या. खात्री करायची तर "पीएस -एफपी" आणि पुढे तो नंबर द्या.

इंटरनेटवर जागोजागी सांगतात की लॉकची फाइल डिलीट करा. करू नका, कळकळीने सांगते. ते लॉक म्हणजे बाथरूमची आतून लावलेली कडी आहे, कडी तोडली म्हणून आतला माणूस नाहीसा होत नाही. दोन प्रोग्राम एकदम डीपीकेजीच्या नोंदवहीत लिहायला लागले की ती नोंदवही बिघडते आणि मग खरंच फॉरमॅटची वेळ येऊ शकते. अगदी तासभर अडकलंच असेल तर मशीन व्यवस्थित रीस्टार्ट करा, पॉवर बटन दाबून धरून नाही.

६. इन्स्टॉल अर्ध्यात तुटलं

माझ्या त्या रात्रीचा प्रकार. मेसेज येतो "डीपीकेजी वॉज इंटरप्टेड, यू मस्ट मॅन्युअली रन..." आणि पुढे कमांडच लिहिलेली असते. क्रम असा ठेवा:

पहिलं, "सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए". जी पॅकेजं उघडून ठेवली पण बसवायची राहिली ती बसवतं.

दुसरं, "सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल". राहिलेल्या डिपेंडन्सी, म्हणजे त्या पॅकेजला लागणारी इतर पॅकेजं, आणतं.

तिसरं, "सुडो ॲप्ट अपडेट", मग "सुडो ॲप्ट अपग्रेड".

पहिल्या कमांडमध्येच एखादं पॅकेज परत परत अडकत असेल तर नाव लिहून घ्या आणि "सुडो ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल" पुढे ते नाव. बहुतेक वेळा इतक्यावर भागतं. माझंही भागलं असतं.

गावी लाइटचा भरवसा नसेल तर मोठं अपग्रेड सुरू करायच्या आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा, आणि बॅटरी मेलेली असेल तर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावा. मोबाइलचा हॉटस्पॉट मधेच तुटला तर एवढं बिघडत नाही, कारण ॲप्ट आधी सगळं डाउनलोड करतं आणि मग बसवायला घेतं, लाइटचं मात्र वेगळं.

७. डिपेंडन्सीची भांडणं

"यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस" हा मेसेज दिसला की बहुतेक वेळा कुठलीतरी बाहेरची रिपॉझिटरी, पीपीए, मिसळलेली असते. "ॲप्ट पॉलिसी" आणि पॅकेजचं नाव द्या, कुठली व्हर्जन कुठून येतेय ते दिसतं. "ॲप्ट-मार्क शोहोल्ड" ने कोणी पॅकेज अडकवून ठेवलंय का ते कळतं. भांडण लावणारा पीपीए "पीपीए-पर्ज" ने काढला की पॅकेजं परत मूळ व्हर्जनवर येतात.

डाउनलोड केलेली .डेब फाइल "डीपीकेजी -आय" ने टाकू नका, ते डिपेंडन्सी आणत नाही. "सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./फाइलचं-नाव" असं करा, सुरुवातीचं ./ महत्त्वाचं, नाहीतर ॲप्ट ते नाव दुकानात शोधतं.

आणि वाय दाबायच्या आधी "विल बी रिमूव्ह्ड" खालची यादी वाचा. रोज वाचा, प्रत्येक वेळी वाचा. एखादं छोटं पॅकेज टाकताना अख्खा डेस्कटॉप काढून टाकायची परवानगी आपण नकळत देऊन बसतो. सिस्टीमच्या गाभ्यातलं पॅकेज निघणार असेल तर ॲप्ट-गेट आणि जुनं ॲप्ट "येस, डू ॲज आय से!" असं पूर्ण वाक्य टाइप करायला लावतं. ते वाक्य दिसलं की टाइप करायचं नाही, कंट्रोल-सी. आधी बघायचं असेल तर कमांडमध्ये "--सिम्युलेट" घाला, काय होणार ते दाखवतं, करत काही नाही.

८. जागा संपली

"डीएफ -एच" द्या आणि १०० टक्क्यांच्या जवळ कोण आहे बघा. इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर /बूट हा वेगळा छोटा भाग असतो आणि जुन्या कर्नलनी तो भरतो, मैत्रिणीचं तेच झालं होतं. "सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज" जुनी कर्नल काढतं. हाताने /बूट मधल्या फाइली उडवू नका.

बाकी जागा "सुडो ॲप्ट क्लीन" ने मिळते, डाउनलोड केलेली पॅकेजं त्यात जातात. लॉगने जागा खाल्ली असेल तर "सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम", आकडा अर्थात इंग्रजीत आणि एम कॅपिटल. डीएफमध्ये जागा दिसतेय तरी "नो स्पेस" येतंय? "डीएफ -आय" बघा, लाखो बारक्या फाइलींनी आयनोड, म्हणजे फाइलींची नोंद ठेवायच्या जागा, संपलेले असतात.

९. पिप म्हणतं "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट"

पायथन शिकणाऱ्या प्रत्येकाला हे लागतं. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून, म्हणजे २०२३ पासून, सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने थेट काही टाकू देत नाहीत. कारण रास्त आहे, उबुंटूची स्वतःची बरीच हत्यारं त्याच पायथनवर चालतात, आपण एखादी लायब्ररी बदलली की ती बंद पडतात. मेसेजमध्ये "--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस" असा पर्याय दिसतो, नावातच काय ते आलं. तो नको, आणि "सुडो पिप" तर नकोच नको.

बरोबर रस्ता म्हणजे प्रोजेक्टसाठी पायथनचं वेगळं घर, व्हीईएनव्ही: "सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-व्हीईएनव्ही", मग प्रोजेक्टच्या फोल्डरात "पायथन३ -एम व्हीईएनव्ही .व्हीईएनव्ही", मग "सोर्स .व्हीईएनव्ही/बिन/ॲक्टिव्हेट". प्रॉम्प्टच्या आधी कंसात नाव दिसलं की आत आलात, आता पिप हवं तसं वापरा. बिघडलं तर ते फोल्डर उडवून नवीन करा, सिस्टीमला धक्का नाही. नुसता एखादा पायथनमधला प्रोग्राम हवा असेल तर पिपएक्स वापरा.

मॅकवर पिप इन्स्टॉल करताना नावात चौकोनी कंस असेल आणि "नो मॅचेस फाउंड" आलं तर नाव अवतरणचिन्हात टाका, झेडशेल त्या कंसाचा वेगळा अर्थ लावतं.

१०. स्क्रिप्ट चालत नाही, "परमिशन डिनाइड"

"सीएचमॉड +एक्स" आणि फाइलचं नाव, मग "./नाव". पेनड्राइव्हवर किंवा विंडोजच्या पार्टिशनवर असेल तर ही परवानगी तिथे टिकत नाही, होम फोल्डरमध्ये कॉपी करा.

फाइल समोर दिसतेय तरी "बॅड इंटरप्रिटर: नो सच फाइल" किंवा नवीन बॅशमध्ये "रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड" येत असेल तर ती विंडोजवर लिहिलेली आहे. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचं अक्षर ठेवतं आणि लिनक्स ते बॅशच्या नावाचाच भाग समजतं. "डॉस२युनिक्स" पॅकेज टाकून फाइल त्यातून काढा.

"[[: नॉट फाउंड" आलं तर स्क्रिप्ट बॅशसाठी आहे आणि तुम्ही "एसएच" ने चालवताय. उबुंटूत २००६ च्या ६.१० पासून एसएच म्हणजे डॅश नावाचं लहान शेल आहे, त्याला बॅशच्या सगळ्या गोष्टी येत नाहीत. "बॅश नाव" असं चालवा.

"सुडो एको ... > फाइल" ला परवानगी का मिळत नाही? कारण > हे काम सुडो करत नाही, तुमचं शेल करतं आणि ते साध्या युजरचं असतं. "एको ... | सुडो टी -ए फाइल" करा. -ए विसरलात तर आधीचा मजकूर पुसला जातो.

"एक्झेक फॉरमॅट एरर" म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्या प्रोसेसरची फाइल उतरवलीत, सुरुवातीला युनेमने काढलेलं उत्तर बघा.

११. सोर्सवरून कंपाइल करताना

आधी "बिल्ड-इसेन्शियल" पॅकेज टाका. नंतर ".एच" ने संपणारी फाइल सापडत नाही असं आलं तर त्या लायब्ररीचं -डेव्ह पॅकेज हवंय, ओपनएसएसएलसाठी "लिबएसएसएल-डेव्ह", पायथनसाठी "पायथन३-डेव्ह". कुठली फाइल कुठल्या पॅकेजात आहे हे "ॲप्ट-फाइल सर्च" सांगतं, आधी ते पॅकेज टाकून "सुडो ॲप्ट-फाइल अपडेट" करावं लागतं. चालवताना "एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज" आलं तर "एलडीडी" आणि प्रोग्रामचा पाथ, "नॉट फाउंड" लिहिलेली ओळ बघा.

१२. तरीही अडलं तर कोणाला विचारताना

"माझं उबुंटू चालत नाहीये, प्लीज हेल्प" असं लिहिलं तर चांगल्या मनाच्या माणसालाही मदत करता येत नाही. हे द्या: सिस्टीमची व्हर्जन, दिलेली नेमकी कमांड, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंतचं पूर्ण आउटपुट टेक्स्टमध्ये (फोटो नको, त्यातून कोणाला काही कॉपी करता येत नाही), आणि आधी काय काय करून पाहिलं ते तुमच्या वहीतून. मेसेज मराठीत येत असतील तर कमांडच्या आधी "एलसी_ऑल=सी" लावा (एलसी, ऑल, सी सगळं कॅपिटल, कमांड सुडोची असेल तर सुडोच्या पुढे), म्हणजे एरर इंग्रजीत येईल आणि सर्च करायला सोपं जाईल. पाठवायच्या आधी आउटपुटमधले पासवर्ड आणि टोकन पुसा.

कोणी उत्तरात "कर्ल ... | सुडो बॅश" अशी ओळ दिली तर आधी ती स्क्रिप्ट फाइलमध्ये उतरवून "लेस" ने वाचा, मग चालवायची की नाही ठरवा. आणि प्रॉब्लेम सुटला की कशाने सुटला ते त्याच धाग्यात परत येऊन लिहा, तीच एरर उद्या अजून कोणाला तरी येणारे.